नगरसेवक, महापौर आणि त्यापुढे: नागपूरच्या खुर्चीचा हिशेब

प्रश्न असा आहे: जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत पहिल्यांदाच निवडून आलेला नगरसेवक पुढे नागपूरचा महापौर कसा होतो, झाल्यावर त्याच्या हातात नेमकं काय येतं, आणि तिथून विधानसभेची वाट खरंच सुटते का?

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हातात काय येतं हे एकदा कळलं की मागचा आणि पुढचा, दोन्ही प्रश्न सोपे होतात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ४ वाचा. कायद्याची अंमलबजावणी कोणत्या प्राधिकरणांनी करायची त्याची यादी तिथे दिली आहे: महापालिका म्हणजे निवडून आलेलं सभागृह, स्थायी समिती, प्रभाग समित्या, आयुक्त, आणि परिवहन उपक्रम असेल तर परिवहन समिती व परिवहन व्यवस्थापक. या यादीत महापौर नाही. शहराचा प्रथम नागरिक, पण कायद्याच्या दृष्टीनं स्वतंत्र प्राधिकरण नाही. कार्यकारी अधिकार कलम ६७ नुसार आयुक्ताकडे आहेत, मोठ्या कंत्राटांची मंजुरी स्थायी समितीकडे. महापौराकडे उरतं ते सभागृह. सभा बोलावणं, ती चालवणं, कोणाला किती वेळ बोलू द्यायचं ते ठरवणं, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देणं आणि चर्चेच्या शेवटी काय ठरलं ते शब्दांत सांगणं. हे ऐकून नवा नगरसेवक हिरमुसतो. हिरमुसण्याचं कारण नाही, कारण खरी ताकद त्या शेवटच्या कामातच आहे. त्यावर पुढे येतो.

नागपुरात नेहमी असंच नव्हतं. २ मार्च १९५१ रोजी इथे महापालिका आली ती नागपूरच्या स्वतंत्र कायद्याखाली. पहिले महापौर बॅरिस्टर शेषराव वानखेडे. हेच पुढे राज्याचे मंत्री आणि विधानसभेचे अध्यक्ष झाले. म्हणजे निगमाच्या (महापालिकेच्या) खुर्चीतून मुंबईकडे जाण्याची वाट पहिल्याच महापौरानं दाखवली. मग १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर या दोन शहरांत मेयर-इन-कौन्सिल पद्धत आणली गेली. त्यात महापौर आणि त्याची परिषद हेच कार्यकारी मंडळ होतं, आयुक्त त्यांच्या निर्णयांची अंमलबजावणी करणारा. १९९९ मध्ये ती गुंडाळली. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नगरसेवक झाले, १९९७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी महापौर झाले आणि मेयर-इन-कौन्सिलमध्येही त्या पदावर राहिले. म्हणून त्यांच्या महापौरपदाची तुलना आजच्या महापौराशी करताना सांभाळून करावी. तेव्हाच्या खुर्चीला जे दात होते ते आजच्या खुर्चीला नाहीत. ती पद्धत इतक्या लवकर मोडीत काढली ही चूक होती असं माझं स्पष्ट मत आहे. लोक जबाबदार धरतात महापौराला आणि सही चालते आयुक्ताची, ही विसंगती तेव्हापासून कायम आहे.

आता सभागृहात आत जाऊन पाहू. महालातलं नगरभवन असो की सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयातलं सभागृह, विषयपत्रिका निगम सचिवांच्या कार्यालयातून निघते. सभेत एखादा नगरसेवक उठतो आणि सांगतो, आमच्या वस्तीतली गडर लाईन (सांडपाण्याची वाहिनी) जुनी झाली, चेंबर तुंबतं, पाणी घरात शिरतं. दोन-तीन जण त्याला दुजोरा देतात. शेवटी महापौर म्हणतात, "प्रशासनानं तातडीनं कारवाई करावी, असे निर्देश देतो." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते: महापौरांचे निर्देश. आणि काम होत नाही. का? कारण त्या निर्देशात ना रक्कम आहे, ना लेखाशीर्ष (खर्च अर्थसंकल्पातल्या कोणत्या शीर्षाखाली टाकायचा ते), ना अधिकारी, ना तारीख. झोनचा कार्यकारी अभियंता तो कागद फाइलला लावतो आणि शेरा मारतो: निधी उपलब्धतेनुसार.

तोच विषय असा मांडून बघा. अमुक प्रभागात अमुक चौकापासून अमुक चौकापर्यंत, इतके मीटर, इतक्या व्यासाची गडर लाईन बदलण्यासाठी अंदाजपत्रक पंधरा दिवसांत तयार करावं. खर्च चालू अर्थसंकल्पातील अमुक लेखाशीर्षातून भागवावा. त्या शीर्षात शिल्लक कमी पडल्यास पुनर्विनियोजनाचा, म्हणजे दुसऱ्या शीर्षातून रक्कम वळवण्याचा, प्रस्ताव स्थायी समितीच्या पुढच्या सभेत ठेवावा. आणि पूर्ततेचा अहवाल पुढच्या महासभेच्या पटलावर ठेवावा. हा झाला ठराव. याला सूचक लागतो, अनुमोदक लागतो, क्रमांक पडतो, इतिवृत्तात नोंद होते आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना तो पुन्हा डोळ्यांखालून जातो. अधिकाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. निर्देश आणि ठराव यांतला हा फरक ज्या महापौराला पहिल्या महिन्यात कळतो, त्याची अडीच वर्षं कारणी लागतात. सभेआधी निगम सचिव, सत्तापक्षनेते आणि लेखा विभागाचा एक जाणकार माणूस यांच्यासोबत विषयपत्रिकेवर तासभर बसणं हे काम कोणत्याही उद्घाटनापेक्षा मोलाचं आहे.

इतिवृत्ताबद्दल एक सावधगिरी. सभागृहात गोंधळ चालू असताना "मंजूर, मंजूर" म्हणत दहा विषय उरकले की इतिवृत्तात नंतर काय लिहिलं जातं यावर हमखास वाद होतो. उपसूचना कोणती स्वीकारली, कोणती नाही, हे महापौरानं माइकवर नाव घेऊन सांगावं. नाही तर विरोधक विभागीय आयुक्तांकडे आणि पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जातात, आणि ज्या कामासाठी घाई केली तेच वर्षभर रखडतं. शिवाय ठराव कायद्याच्या चौकटीबाहेर गेला तर कलम ४५१ आहे: राज्य सरकार तो निलंबित करू शकतं, विखंडित म्हणजे रद्द करू शकतं. म्हणून ठरावाचा मसुदा विधी विभागाला दाखवल्याशिवाय पटलावर आणू नये.

आयुक्ताशी संबंध हा या पदाचा सर्वांत नाजूक भाग. २०२० मध्ये संदीप जोशी महापौर आणि तुकाराम मुंढे आयुक्त असताना शहरानं तो ताण उघड्यावर पाहिला. जून महिन्यात रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात भरलेली सभा आयुक्त अर्ध्यातून सोडून गेले होते. अशा वेळी नगरसेवक लगेच अविश्वासाची भाषा करू लागतात. त्याचं गणित आधी समजून घ्या. आयुक्ताविरुद्धच्या ठरावाला हजर सदस्यांच्या नव्हे, एकूण सदस्यसंख्येच्या पाच अष्टमांश मतं लागतात. नागपूरच्या १५१ च्या सभागृहात ती ९५ होतात. आणि ती जमली तरी शेवटचा शब्द मुंबईचाच, म्हणजे राज्य सरकारचाच. २०१६ मध्ये नवी मुंबईच्या सभागृहानं प्रचंड बहुमतानं असा ठराव केला होता, तरी आयुक्त त्यानंतर काही महिने त्याच खुर्चीत होते. त्यामुळे हे हत्यार दाखवायचं नसतं. त्यापेक्षा आयुक्ताचे प्रलंबित प्रस्ताव कोणते, सभागृहाचे रखडलेले ठराव कोणते, याची एक यादी घेऊन दर पंधरा दिवसांनी बसलं तर निम्मे वाद होतच नाहीत. आयुक्तालाही सभागृहाची गरज असते: कर, भूखंड, धोरणात्मक निर्णय हे सगळं शेवटी महासभेतूनच जातं.

नागपुरात आणखी एक अडचण आहे ती इतर शहरांतल्या लोकांना पटकन कळत नाही. इथे १९३६ च्या कायद्याखालचा नागपूर सुधार प्रन्यास आहे. एकाच शहरात दोन नियोजन संस्था. एखाद्या लेआउटमधला रस्ता निगमाचा की प्रन्यासाचा, अनधिकृत अभिन्यासांच्या (लेआउटच्या) ‘५७२’ आणि ‘१९००’ या दोन याद्यांपैकी तो कशात बसतो, विकास शुल्क कोणी घेतलं, हे तपासल्याशिवाय महापौरानं आश्वासन दिलं की तोंडघशी पडणं ठरलेलं. प्रन्यासाच्या मंडळावर स्थायी समितीचे सभापती विश्वस्त असतात; म्हणून तिकडचं काम असेल तर महापौरानं सभापतींमार्फत जावं. मेट्रो, स्मार्ट सिटी, राष्ट्रीय महामार्ग यांनी खोदलेल्या रस्त्यांचंही तेच. लोक मात्र शिव्या निगमालाच घालतात. कोणता रस्ता कोणाचा, याचा नकाशा महापौराच्या टेबलावर कायम असला पाहिजे.

पैशाचं सांगायचं तर एवढंच: जकात २०१३ मध्ये गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी संपला, आणि २०१७ पासून निगमाचा मोठा आधार जीएसटीपोटी राज्याकडून येणारं अनुदान आहे. आपली म्हणावी अशी उत्पन्नाची साधनं मालमत्ता कर, पाणीकर आणि नगररचना शुल्क. अर्थसंकल्प सभागृहात मांडतात ते स्थायी समितीचे सभापती. त्यात उत्पन्न फुगवून दाखवलं की वर्षाच्या शेवटी कार्यादेश (काम सुरू करण्याचे आदेश) निघतात आणि कंत्राटदारांची बिलं अडकतात. महापौरानं महासभेत उत्पन्नाच्या बाजूवर प्रश्न विचारायला लावले पाहिजेत. सगळे नगरसेवक खर्चाच्या बाजूवर बोलतात, तिथेच चुकतं.

आता खुर्ची मिळते कशी. पहिला टप्पा आपल्या हातातच नसतो. महापौरपदाचं आरक्षण मंत्रालयात नगरविकास विभागाच्या सोडतीनं ठरतं: खुला प्रवर्ग, अनुसूचित जाती, जमाती, नागरिकांचा मागास प्रवर्ग, आणि त्या प्रत्येकात महिला. मुदत अडीच वर्षं, म्हणजे एका सभागृहात दोन सोडतींचे महापौर. तुमच्या प्रवर्गाची चिठ्ठी निघाली नाही तर सगळी तयारी पुढच्या वेळेसाठी ठेवायची. राखीव जागेवरून येणाऱ्यांनी जात वैधता प्रमाणपत्राची फाइल निवडणुकीच्या आधीच पूर्ण करावी. ते मुदतीत सादर झालं नाही तर नगरसेवकपदच जातं, महापौरपद दूरच.

दुसरा टप्पा पक्षाचा. नागपुरात ३८ प्रभाग आहेत, ३७ चार सदस्यांचे आणि एक तीन सदस्यांचा. चार जणांच्या पॅनेलमध्ये निवडून येणाऱ्याचं स्वतःचं वजन मतमोजणीतून फारसं दिसत नाही. ते पक्षाला कामातून दाखवावं लागतं. निकालानंतर पक्षाचे नगरसेवक विभागीय आयुक्तांकडे गट म्हणून नोंदणी करतात. त्यानंतर व्हिप लागू होतो आणि गटाच्या संख्येनुसार समित्यांतल्या जागा मिळतात. उदाहरण घ्या. २०१७ मध्ये भाजपचे १०८, काँग्रेसचे २९ आणि बसपचे १० नगरसेवक होते. स्थायी समितीच्या १६ जागा १५१ वर विभागल्या की भाजपच्या वाट्याला ११.४४, काँग्रेसच्या ३.०७, बसपच्या १.०६ येतात. पूर्णांकांची बेरीज पंधरा, उरलेली एक जागा सर्वांत मोठ्या अपूर्णांकाला, म्हणून १२, ३ आणि १. नवा नगरसेवक हे गणित स्वतः करायला शिकला की समित्यांच्या वाटपात त्याला कोणी गुंडाळू शकत नाही.

तिसरा टप्पा तांत्रिक, पण त्यातही लोक चुकतात. अर्ज निगम सचिवांकडे, सूचक आणि अनुमोदकाच्या सहीनं. विशेष सभेला पीठासीन अधिकारी बहुधा जिल्हाधिकारी. छाननी, माघारीसाठी पंधरा मिनिटं, मग हात वर करून मतदान. गुप्त मतदान नाही, त्यामुळे व्हिप मोडणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे नोंदलं जातं. समान मतं पडली तर चिठ्ठी. पक्ष पर्यायी उमेदवाराचाही अर्ज भरून ठेवतो, आणि तो वेळेत मागे घेण्याची जबाबदारी एका माणसावर सोपवावी लागते.

मग पक्ष कोणाचं नाव काढतो? अलीकडचा नागपूरचा क्रम पाहा. प्रवीण दटके, संदीप जोशी, दयाशंकर तिवारी हे तिघेही महापौर होण्याआधी सत्तापक्षनेते होते. सत्तापक्षनेत्याचं काम म्हणजे आपल्याच नगरसेवकांची नाराजी झेलणं, विषयपत्रिकेवर कोण बोलेल ते ठरवणं, विरोधकांशी पडद्याआड तोडगा काढणं. ज्यानं हे निभावलं त्याच्या हाती सभागृह द्यायला पक्ष कचरत नाही. २०१९ मध्ये जोशी आणि तिवारी यांच्यात अडीच वर्षं वाटून दिली गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये बदल झाला. अशा विभागणीत वाट्याला साधारण सव्वा वर्ष येतं. पहिले दोन महिने सत्कारात, शेवटचे दोन राजीनाम्याच्या चर्चेत. प्रत्यक्ष काम दहाएक महिन्यांचं. त्यात बारा घोषणा करणाऱ्यापेक्षा दोन विषय तडीस नेणारा लोकांच्या लक्षात राहतो.

नव्या नगरसेवकानं पहिल्या वर्षी झोन सोडू नये हा माझा आग्रह आहे. दहा झोनपैकी आपल्या झोनचे सहायक आयुक्त, कार्यकारी अभियंता, आरोग्य निरीक्षक, पाण्याच्या कंपनीचा माणूस यांची रोजची ओळख हवी. सकाळी हजेरीच्या ठिकाणी जाऊन किती ऐवजदार (बदली सफाई कामगार) कामावर आले ते मोजा. कागदावरचा आकडा आणि झाडू हातात घेतलेली माणसं यांत फरक का पडतो ते समजून घ्या. तक्रारींची एक वही ठेवा: तारीख, घर किंवा चौक, तक्रार, कोणाला सांगितलं, कधी सुटली. पुढे महासभेत प्रश्न विचारताना ही वही हातात असली की अधिकारी "माहिती घेऊन सांगतो" म्हणून सुटू शकत नाही.

अपात्रतेच्या जागाही इथेच सांगून टाकतो, कारण महापौरपदाच्या शर्यतीत प्रतिस्पर्धी नेमकं इथेच बोट ठेवतो. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यावा लागतो. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांमुळे संख्या दोनच्या वर गेली तर अपात्रता. स्वतः, जोडीदार किंवा अवलंबून असलेल्या व्यक्तीचं अनधिकृत बांधकाम असलं तरी अपात्रता. निगमाच्या कंत्राटात हितसंबंध असेल तरी तेच. घराच्या गच्चीवर चढवलेली एक खोली राजकारण संपवू शकते, म्हणून मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम एकदा वास्तुविशारदाकडून जुळवून घ्यावं.

महापौरपदानंतर काय होतं? फडणवीस १९९९ मध्ये आमदार झाले, पुढचं सर्वांना ठाऊक आहे. अनिल सोले २०१४ मध्ये पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेवर गेले. दटके २०२० मध्ये विधान परिषदेवर आणि २०२४ मध्ये मध्य नागपुरातून विधानसभेत. काँग्रेसचे विकास ठाकरे यांचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. या शतकाच्या सुरुवातीला ते महापौर होते, पण पश्चिम नागपूरचे आमदार झाले २०१९ मध्ये. मधली वर्षं त्यांनी विरोधी पक्षनेता आणि शहर काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून निगमाच्या राजकारणातच काढली. खुर्चीनं ओळख दिली, आमदारकी मात्र नंतरच्या त्या कामानं दिली.

याच्या उलट बाजूही पाहा. संदीप जोशी महापौरपदावर असतानाच डिसेंबर २०२० मध्ये पदवीधर मतदारसंघात लढले आणि काँग्रेसचे अभिजित वंजारी निवडून आले. गंगाधरराव फडणवीस, नितीन गडकरी यांच्यापासून भाजपकडे असलेली ती जागा. हा मतदारसंघ नागपूर शहरापुरता नाही, नागपूरसह वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असे सहा जिल्हे त्यात येतात. गडचिरोलीतल्या शिक्षकाला नागपूरचा महापौर कोण याच्याशी घेणंदेणं नसतं. तिथे मतदार निवडणुकीच्या आधी नमुना १८ भरून नोंदवावे लागतात. ज्यानं नोंदणी केली त्याच्याकडे मतदार. महापौराची प्रसिद्धी शहराच्या सीमेवर थांबते, एवढं लक्षात ठेवून पुढची निवडणूक निवडावी. जोशी पुढे २०२५ मध्ये विधान परिषदेवर गेले, पण ते आमदारांच्या कोट्यातून.

वरची सगळी नावं पुरुषांची आहेत, हे मला खटकतं. अर्चना डेहनकर, नंदा जिचकार यांच्यासारख्या महिला महापौर या शहरानं पाहिल्या. आरक्षणानं खुर्ची मिळते, पण सत्तापक्षनेता, स्थायी सभापती, शहराध्यक्ष या पदांना आरक्षण नाही, आणि विधानसभेची उमेदवारी त्या पदांवरून ठरते. महिला नगरसेवकांनी म्हणूनच महिला व बालकल्याण समितीवर समाधान न मानता स्थायी समिती आणि जलप्रदाय, स्थापत्य अशा पैशाच्या व कामाच्या समित्या मागून घ्याव्यात, आणि त्यासाठी भांडावं.

खुर्चीला काही मान असाही असतो जो कायद्यात लिहिलेला नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूर महापालिकेनं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मानपत्र दिलं. तेव्हा उपमहापौर होते सदानंद फुलझेले. शहर एखाद्याला काय मानतं, हे सांगण्याचा अधिकार सभागृहाचा असतो. मानपत्रं, नामकरणं, अभिनंदनाचे ठराव सरसकट वाटून महापौरानं तो स्वस्त करू नये.

शेवटचे तीन महिने कसे काढायचे, याचा विचार फार कमी महापौर करतात. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं इथे प्रशासक होता. ज्यांचे ठराव कार्यादेशापर्यंत पोहोचले होते त्यांची कामं प्रशासकाच्या काळातही चालू राहिली. ज्यांचे फक्त मंजूर झाले होते ते फाइलीतच राहिले. म्हणून मुदत संपण्याच्या तीन महिने आधी प्रत्येक महत्त्वाच्या ठरावासमोर चार रकाने आखा: अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश. कुठे अडलं ते पाहून त्या टेबलावर स्वतः जा. ठरावांच्या प्रमाणित प्रती निगम सचिवांकडून काढून घ्या आणि एक संच आपल्या प्रभागातल्या कार्यालयात ठेवा. पद गेल्यावरही त्या प्रती मागायला माणसं येत राहतात.